तिसऱ्या खणातला उंदीर

शब्दकोशाच्या त्या कचेरीत उंदराचा एक सापळा होता आणि एकतीस वर्षांत त्यात एकही उंदीर सापडला नव्हता. सापळा बाईंनी आणलेला, नोकरीला लागल्याच्या पहिल्याच आठवड्यात, वर्तमानपत्रात गुंडाळून. तेव्हापासून तो खिडकीखालच्या कपाटामागे आ वासून बसला होता आणि दर महिन्याच्या एक तारखेला बाई त्यातला पावाचा तुकडा बदलत. शिपाईमामा दर वेळी म्हणत, "बाई, आता तरी उचला तो. उंदीर असलाच तर केव्हाच म्हातारा होऊन मेला असेल." बाई म्हणत, "मग त्याची मुलंबाळं असतील," आणि तुकडा बदलत.

बाईंचं खरं नाव हजेरीपटावर होतं आणि ते तिथेच राहिलं. काम कार्डांचं. एका शब्दाला एक कार्ड. त्यावर शब्द, अर्थ, कोणत्या भाषेतला आणि कोणत्या गावात ऐकला ते. चोवीस खणांच्या लाकडी कपाटात अशी काही हजार कार्डं उभी लावलेली. बाई ती लिहीत, लावत, मागितलं की काढून देत. अक्षर मोत्यासारखं. मोठमोठे विद्वान खण उघडून तासभर खुडबुड करत आणि शेवटी हात टेकून "बाई, जरा बघता का?" म्हणत, तेव्हा बाई जागेवरून उठत, दोन बोटं घालत आणि कार्ड बाहेर काढत. त्या क्षणी त्यांच्या चेहऱ्यावर जे यायचं त्याला गर्व म्हणता येणार नाही, पण फार लांबचंही काही म्हणता येणार नाही.

आता ही कचेरी करत काय होती, ते आधी सांगायला हवं, नाहीतर पुढची भानगड कळायची नाही.

जगात भाषांची घराणी आहेत. आपली मराठी, संस्कृत, फारसी, ग्रीक, रशियन, जर्मन ही सगळी एका मोठ्या घराण्यातली, एकमेकींच्या लांबच्या बहिणी. त्यांच्याच शेजारी उत्तरेकडे दुसरं घराणं आहे. त्यात फिनिश आहे, हंगेरियन आहे आणि रानांत, नद्यांच्या काठी बोलल्या जाणाऱ्या कितीतरी लहान भाषा आहेत. ही दोन घराणी वेगळी, असं बहुतेक सगळे मानतात. पण काही शब्द माणसाला सुखाने झोपू देत नाहीत. आपण नाव म्हणतो, फिनिश माणूस निमी म्हणतो, हंगेरियन नेव म्हणतो. संस्कृतात उदक, तर फिनिश माणसाचं पाणी वेसी आणि हंगेरियन माणसाचं वीझ. आपल्या मी-तू-कोणची पहिली अक्षरं त्यांच्याकडेही जवळपास तीच. मग ही दोन घराणी मुळात एकाच घरातून फुटली? की हजारो वर्षं शेजारी राहिली आणि शब्द उसने नेले? शंभर आणि मध या शब्दांचा निकाल कधीच लागला होता. साता आणि मेसी हे त्यांनी आपल्या पूर्वजांकडून घेतलेले, उसने. बाकीच्यांवर भांडण चालू होतं, आणि या कचेरीत ते चहाबरोबर रोज व्हायचं. सख्खे की शेजारी, एवढाच काय तो वाद.

कचेरी सुरू केली थोरल्या सरांनी. माणूस संशयी. तरुणपणी ते त्या लहान भाषांच्या गावांतून पायी हिंडले होते. एखादा शब्द आपल्याकडच्यासारखा वाटला की ते हुरळून जात नसत. तो शब्द नदीकाठच्या गावांतच आहे की आत रानातही आहे, हे आधी बघत. नुसता नदीकाठी असेल तर तो नदीने आला, व्यापाऱ्यांच्या होडीतून आला, उसना आहे. मग ते मोठी कात्री घेत आणि कार्डाचा उजवा वरचा कोपरा तिरका कापत, बोटाच्या पेराएवढा. शेरा लिहीत नसत. "शेरा कोणी वाचत नाही, कोपरा दिसतो," असं त्यांचं म्हणणं. खण उघडला की वरूनच कळायचं, कोपरेवाले कोण आणि बिनकोपऱ्याचे कोण.

थोरले सर गेले तेव्हा त्यांचे शिष्य, धाकटे सर, शिकवायला परदेशी होते. ते परत येईपर्यंत दोन महिने कचेरीत होते फक्त शिपाईमामा, आणि दुसऱ्या महिन्यात नव्याने लागलेल्या बाई. नेमक्या बाईंच्या पहिल्याच आठवड्यात वरच्या मजल्यावर कोणीतरी नळ उघडा ठेवून गावाला गेलं. छत गळलं. थोरल्या सरांच्या वह्यांचा लगदा झाला आणि कपाटाचा तिसरा खण भिजला. एकशे ऐंशी कार्डं. बाईंनी ती सोडवून सोडवून नव्या कार्डांवर उतरवून काढली. शाई फुटलेली, तरी एक अक्षर गाळलं नाही. धाकटे सर आले, त्यांनी खण उघडला, एक कार्ड हातात घेतलं आणि म्हणाले, "हे तुम्ही केलंत?" त्या दिवशी बाईंची नोकरी पक्की झाली. धाकटे सर पुढे नुसते सर झाले, कारण थोरलं म्हणायला कोणी उरलं नाही.

सर सख्खेवाले. गेली एकोणीस वर्षं ते एकच पुस्तक लिहीत होते, दोन्ही घराणी मुळात एक होती हे दाखवणारं. त्यात चाळीस शब्द होते. त्यांतले बारा सगळ्यांना माहीत असलेले, नाव आणि पाणी यांच्यासारखे. उरलेले अठ्ठावीस नवे, कोणी न पाहिलेले. दोरीच्या एका गाठीचं नाव, होडीच्या टोकाचं नाव, ओल्या लाकडाला म्हणायचा शब्द, असले. ते अठ्ठावीस सगळे तिसऱ्या खणातले. वह्या नष्ट झाल्या होत्या, पण कार्डं होती, आणि त्यांतल्या एकाचाही कोपरा कापलेला नव्हता. सरांनी प्रस्तावनेत तसं लिहिलंच होतं: ज्या माणसाने आयुष्यभर प्रत्येक शब्दावर संशय घेतला, त्याची कात्री या अठ्ठावीस शब्दांना लागली नाही, यापेक्षा मोठी साक्ष कोणती?

सोमवारी छापखान्यातून पुस्तकाची मुद्रितं आली. शुक्रवारपर्यंत तपासून परत द्यायची होती. सरांनी गठ्ठा बाईंपुढे ठेवला आणि "दुसरं पान बघा" म्हणून आपल्या खोलीत निघून गेले. जाताना दार लावून घेतलं, जे ते कधी करत नसत.

दुसऱ्या पानावर अर्पणपत्रिका होती. "बाईंना. ज्यांच्या हातून एकतीस वर्षांत एक कार्ड चुकलं नाही."

बाईंनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग मामांना म्हणाल्या, "आज चहात साखर जास्त झालीय का हो?" मामा म्हणाले, "अजून दिलाच नाही." त्या दिवशी बाई घरी चालत गेल्या. तीन थांबे लांब घर, पण बसमध्ये बसून राहणं त्यांना जमलंच नसतं.

मुद्रितं नळकांड्यात घालून आली होती, त्यामुळे कागद सारखे गुंडाळत. मंगळवारी बाईंना वाटलं, हे जरा सपाट करावेत, म्हणजे सरांना वाचायला बरं पडेल. पुस्तकं दाबायचा जुना लाकडी शिकंजा जिन्याखालच्या खोलीत पडला होता. मामांनी तो ओढून आणला. मळसूत्र गंजलेलं. तेल घालून, दोघांनी मिळून, मामांनी अधूनमधून त्याच्या आईवडिलांचा उद्धार करून ते एकदाचं फिरलं. वरची फळी उचलली, तर खाली नाडीने बांधलेला एक गठ्ठा होता.

बाईंनी तो लगेच ओळखला. भिजलेली कार्डं. या कचेरीतून कार्ड बाहेर टाकायचं नाही असा नियम होता, म्हणून उतरवून झाल्यावर त्यांनीच ती वाळायला शिकंज्यात घातली होती आणि मळसूत्र आवळलं होतं. नंतर जिन्याखालची खोली भरत गेली आणि ती राहून गेली.

"बघा, किती छान वाळली," असं त्या मामांना म्हणाल्या आणि नाडी सोडली.

पहिल्या कार्डाचा कोपरा नव्हता. दुसऱ्याचा होता. तिसऱ्याचा नव्हता. चौथ्याचा, पाचव्याचा नव्हता.

त्यांना आठवलं. भिजलेली असताना कार्डं फुगली होती, कडांचे धागे सुटले होते, कोपरे कुरतडल्यासारखे दिसत होते. नव्या नोकरीच्या तिसऱ्या दिवशी त्यांनी मामांना विचारलं होतं, "हे असं कशानं झालं?" आणि मामा क्षणभरही न थांबता म्हणाले होते, "उंदीर. फार उंदीर झालेत इथं." दुसऱ्या दिवशी बाई सापळा घेऊन आल्या होत्या. आणि उंदराने खाल्लेल्या कार्डांच्या जागी त्यांनी छान, पूर्ण, चारही कोपऱ्यांची कार्डं लिहिली होती.

कोपरे कापायची पद्धत त्यांना कळली ती सर आल्यानंतर, बाकीच्या खणांवरून. ते कोपरे कोरडे, सरळ, स्वच्छ. या भिजक्या, फुगलेल्या कार्डांचा आणि त्यांचा संबंध बाईंच्या डोक्यात कधी आलाच नाही. आता एकतीस वर्षं दाबून सपाट झालेल्या त्या कागदावर कात्रीची रेघ अशी दिसत होती की लहान पोरानेही ओळखली असती.

"काय झालं, बाई?" मामांनी विचारलं.

"काही नाही," बाई म्हणाल्या. "तुम्ही जा. चहा टाका."

त्यांनी दार लावून तिसरा खण उघडला आणि सरांचे अठ्ठावीस शब्द एकेक करून जुन्या गठ्ठ्यात शोधले. सव्वीस कापलेले निघाले. दोन शाबूत.

गठ्ठा परत शिकंज्यात घालून मळसूत्र आवळावं, हा विचार बाईंच्या मनात आला नाही असं म्हटलं तर ते खोटं होईल. आला, आणि पुष्कळ वेळ बसून राहिला. सरांचं वय चौऱ्याहत्तर. दुसरं पुस्तक होणार नव्हतं. थोरले सर नाहीत, वह्या नाहीत, या गठ्ठ्याबद्दल जगात एकाच माणसाला माहीत होतं. आणि दुसऱ्या पानावरची ती ओळ. बाईंना त्या ओळीचा मोह होता, हेही सरळ सांगून टाकावं. आयुष्यात त्यांच्याबद्दल कोणी काही छापलं नव्हतं.

गठ्ठा पिशवीत घालून त्या घरी गेल्या. त्यांचे यजमान घड्याळं दुरुस्त करत. घरातलंच पुढचं दालन म्हणजे दुकान. डोळ्याला भिंग लावून ते कोणाच्या तरी मनगटी घड्याळात वाकले होते. बाईंनी सगळं सांगितलं. ते वाकलेलेच ऐकत होते.

"कोणाला कळणार आहे?" ते म्हणाले.

"मला कळलंय ना."

यजमानांनी भिंग काढून ठेवलं. "मग झालं तर. मला कशाला विचारतेस?"

"तुम्ही नको म्हणाल असं वाटलं."

"मी नको म्हटलं म्हणून तू कधी थांबलीस, ते एकदा सांग. जेवायला वाढ, भूक लागलीय."

बुधवारी सकाळी सर टोपी खुंटीला अडकवतात न अडकवतात तोच बाई आत गेल्या. पाठ करून आलेलं भाषण दारातच विसरलं. त्यांनी गठ्ठा टेबलावर ठेवला, शेजारी तिसऱ्या खणातली सव्वीस कार्डं ठेवली आणि म्हणाल्या, "सर, उंदीर नव्हता."

सरांना अर्थातच काही कळलं नाही. मग बाईंनी पहिल्यापासून सांगितलं. नळ, लगदा, फुगलेले कोपरे, सापळा.  सरांनी एक जुनं कार्ड उचललं. पाचव्या खणातून थोरल्या सरांच्या हाताने कापलेलं दुसरं कार्ड काढलं. दोन्ही एकावर एक ठेवली. कोपऱ्याचा तिरकेपणा तंतोतंत जुळला. थोरल्या सरांचा हात एवढा ठाम होता की सगळे कोपरे एकाच मापाचे होते.

 सरांनी जुना गठ्ठा कोटाच्या खिशात घातला, टोपी परत डोक्यावर चढवली आणि चहा न घेता निघून गेले. मामा कप घेऊन दारात उभे. "काय झालं? साहेब चहा सोडून गेले?" एकतीस वर्षांत असं घडलं नव्हतं.  बाईंनी आपल्या टेबलाचा खण उघडला, आतलं सामान विनाकारण नीट लावलं आणि मान खाली घालून रडल्या.

गुरुवारी सर आलेच नाहीत. दुपारी फोन वाजला. पलीकडे सरांच्या पत्नी, ज्यांना बाई वहिनी म्हणत.

"अगं, काय केलंस तू ह्यांना?"

 "वहिनी, माझी फार मोठी चूक..."

"चूकबीक जाऊ दे. कालपासून माझ्या जेवायच्या टेबलावर नकाशा पसरून बसलेत. ताट ठेवायला जागा नाही. उभ्याने जेवले. सकाळी माझ्या शिवणाच्या डब्यातल्या सगळ्या टाचण्या नेल्या. आणि मघाशी चक्क गाणं म्हणत होते. तुला माहीत आहे ना ह्यांचा आवाज? मी खिडक्या लावून घेतल्या. बरे आहेत ना गं ते?"

बाई म्हणाल्या, "मला नाही माहीत, वहिनी." आणि हे खरंच होतं.

शुक्रवारी, मुद्रितं परत द्यायच्या दिवशी, सर नेहमीच्या वेळेला आले. काखेत नकाशाची गुंडाळी, खिशात जुना गठ्ठा. दाढी वाढलेली, डोळे लाल, पण चाल अशी की चार पायऱ्या एकदम चढून आलेत. त्यांनी बाईंच्या टेबलावरचं सगळं बाजूला सारलं आणि नकाशा पसरला. त्यावर वहिनींच्या टाचण्या टोचलेल्या.

"प्रत्येक कार्डावर गावाचं नाव आहे, बरोबर?" सर म्हणाले. "तुम्ही ते उतरवलंत. एकही गाळलं नाहीत. ही अठ्ठावीस गावं. बघा कुठे आहेत."

बाईंनी पाहिलं. सव्वीस टाचण्या एका नदीच्या दोन्ही काठांनी ओळीने उभ्या होत्या. दोनच टाचण्या दूर, आत रानात.

"हे दोन म्हणजे..."

"तुमचे शाबूत कोपरे. थोरल्या सरांचं बरोबर होतं. त्यांचं नेहमीच बरोबर असायचं, फार त्रास व्हायचा त्याचा." सर खुर्चीत बसले. "बाई, ही गावांची नावं एकोणीस वर्षं माझ्यासमोर होती. नकाशा माझ्याच भिंतीवर होता. मी एकदाही टाचणी टोचून पाहिली नाही, कारण कोपरा कापलेला नव्हता आणि मला तो कापलेला नकोच होता. तुमची चूक एका आठवड्याची, आणि तीही नव्या नोकरीतल्या माणसाची. माझी एकोणीस वर्षांची आहे. तेव्हा कृपा करून तो रुमालाचा बोळा पिशवीत ठेवा."

"पण सर, पुस्तक?"

"सख्खेपणाचं पुस्तक गेलं. परवा ते कळलं तेव्हा वाईट वाटलं. खोटं कशाला बोलू, फार वाईट वाटलं. घरी जाऊन पडून राहिलो." त्यांनी नदीच्या रेघेवरून बोट फिरवलं. "मग उठलो आणि हे बघितलं. गाठ, होडी, ओलं लाकूड. बाई, दोरीला गाठ कशी मारायची हे दुरून कोणी शिकतं का? त्याला एका होडीत बसावं लागतं. हे लोक बरोबर काम करत होते. कित्येक पिढ्या. एवढ्या जवळच्या शेजाराचा पुरावा आजवर कोणाकडेच नव्हता, आणि मी तो सख्खेपणाच्या खात्यात टाकून वाया घालवणार होतो."

"म्हणजे सख्खे नव्हतेच?"

"ते कुठे म्हटलं मी? माझ्याकडे अजून चौदा शब्द आहेत. नाव आहे, पाणी आहे, मी आहे, तू आहे. चौदा शब्दांवर घराणं उभं राहत नाही, पण प्रश्न राहतो. तो मी शेवटच्या प्रकरणात तसाच ठेवणार. जिवंत." आणि सर हसले. बाईंच्या जिवात जीव आला. तीन दिवसांत पहिल्यांदाच त्यांनी पूर्ण श्वास घेतला.

मामा चहा घेऊन आले होते आणि ट्रे हातात धरून मघापासून तिथेच उभे होते. त्यांचा चेहरा पडला होता.

"साहेब," मामा म्हणाले, "मी एक बोलू का?"

"बोला की."

"उंदीर नव्हताच."

"ते आम्हाला आत्ताच कळलंय, मामा."

"तसं नाही. कधीच नव्हता." मामांनी ट्रे खाली ठेवला. "थोरले साहेब पाहुण्यांसाठी बिस्किटं आणून ठेवायचे. डबा भरायचा, आणि संपायचा. एक दिवस त्यांनी विचारलं, बिस्किटं कुठं जातात? मी म्हटलं, उंदीर. मग ते रोजचंच झालं. तुम्ही तिसऱ्या दिवशी मला कोपरे दाखवलेत, बाई, तेव्हा मला वाटलं माझी झडती चाललीय. तोंडातून आपलं तेच निघालं. तुम्ही सापळा घेऊन आलात तेव्हा सांगणार होतो, पण तुम्ही एवढ्या कौतुकानं पाव लावत होतात..."

 सरांनी मामांकडे पाहिलं, मग नकाशाकडे, मग खिडकीखालच्या कपाटाकडे. आणि त्यांना जे हसू फुटलं ते काही केल्या थांबेना. चष्मा काढावा लागला, टेबलाला धरावं लागलं. "दोन घराणी," ते म्हणत, "पाच हजार वर्षं..." आणि परत सुरू. बाई आधी मामांवर चिडल्या होत्या, चांगल्याच चिडल्या होत्या. एकतीस वर्षं पाव विकत आणलेला. पण मामांचं ते ओशाळं तोंड पाहून त्यांचाही धीर सुटला आणि हसता हसता डोळ्यांतून परत पाणी आलं, यावेळी वेगळं.

"कोणती होती हो?" सरांनी शेवटी विचारलं.

"क्रीमवाली," मामा म्हणाले.

थोरल्या सरांची कात्री अजून कपाटाच्या सगळ्यात खालच्या खणात होती, मुठीला काळा दोरा गुंडाळलेली. सरांनी ती काढून बाईंपुढे धरली.

"मी?" बाई म्हणाल्या. "थोरल्या सरांच्या कात्रीला मी हात लावू?"

"कार्डं तुमची आहेत."

बाईंनी जुनं कार्ड नव्यावर ठेवलं आणि कापलं.   सव्वीस झाल्यावर त्या उरलेल्या खणाकडे वळल्या. एकशे ऐंशीपैकी आणखी किती कापायची राहिली होती, ते बघत बघत त्यांनी संध्याकाळपर्यंत सगळा तिसरा खण नीट केला. कापलेले छोटे त्रिकोण टेबलावर जमत गेले. मामांनी ते झाडून न टाकता बिस्किटांच्या रिकाम्या डब्यात भरून ठेवले. कचेरीतून कार्ड बाहेर टाकायचं नाही हा नियम तुकड्यांनाही लागू आहे की नाही, हे त्यांना ठाऊक नव्हतं, आणि आता त्यांना कोणतीही जोखीम घ्यायची नव्हती.

छापखानेवाल्याला फोन सरांनी केला. छापखानेवाला फोनवर बराच वेळ बोलत होता आणि सर फोन कानापासून हातभर लांब धरून ऐकत होते. तीन आठवडे मिळाले. सरांनी प्रस्तावना फाडून नवी लिहिली. त्यात बाईंचं नाव नव्हतं, उंदराचंही नव्हतं. "माझी चूक" असे दोन शब्द होते आणि पुढे नकाशा होता. पुस्तकाचं नाव आधी 'सख्ख्या भाषा' होतं, ते बदलून 'शेजारच्या भाषा' केलं. शेवटच्या प्रकरणाचं नाव फक्त 'चौदा'.

दुसऱ्या पानाबद्दल बाईंनी काही विचारलं नाही. ती ओळ आता राहणार नाही, हे उघडच होतं. राहू नये असंच त्यांना वाटत होतं. फक्त कधीकधी कार्डं लावताना ती आठवायची, आणि मग त्या दुसऱ्याच एखाद्या खणाकडे वळायच्या.

शेवटची मुद्रितं सरांनी परस्परच पाठवली. एक तारीख आली, बाई सवयीने पाव घेऊन आल्या, सापळ्यापुढे वाकल्या आणि तशाच उठल्या. पाव मामांना दिला. मामांनी तो दोन्ही हातांनी घेतला.

तेवढ्यात फोन वाजला. सर खोलीत होते, दार उघडं होतं, पण त्यांनी मान वर केली नाही. फोन बाईंनी घेतला. छापखानेवाला होता.

"बाई, पुस्तक आता यंत्रावर चढतंय. एक शेवटचं विचारायचं होतं. दुसऱ्या पानावर काहीतरी गडबड दिसतेय. साहेबांचं अक्षर आहे, पण शब्द भलताच लागलाय. तुम्ही जरा कार्डं वगैरे बघून सांगा."

"वाचा," बाई म्हणाल्या.

"'बाईंना,'" छापखानेवाल्याने वाचलं. "'ज्यांनी एकतीस वर्षांनी उंदीर पकडला.' आता ह्यात उंदीर कुठून आला हो? दुसरंच काहीतरी असणार ना?"

बाईंनी खोलीकडे पाहिलं. सर मान खाली घालून फार मन लावून लिहीत होते. पेनाला टोपण तसंच होतं.

"नाही," बाई म्हणाल्या. "बरोबर आहे. तसंच छापा."